स्कॅनर काय सांगतो आणि काय सांगत नाही



डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की गाडीवाला गॅरेजात येतो आणि म्हणतो, "भाऊ, मशीन लावून सांगा, कोणता पार्ट गेला?" चंद्रपुरात गाड्या दुरुस्त करताना हा प्रश्न मी रोज ऐकतो. पण स्कॅनर पार्टचे नाव सांगत नाही. तो फक्त कोड सांगतो. हा फरक समजला नाही, तर खिशातले काही हजार रुपये सहज जातात.

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचे झाले. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले. त्यामुळे आडगावची जीपसुद्धा आता संगणकावर चालते. सेन्सरकडून आलेला आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, की हा संगणक त्याची नोंद कोडच्या रूपाने करून ठेवतो.

एक उदाहरण सांगतो. अहेरीकडची एक प्रवासी जीप माझ्याकडे आली. चढावर तिचा जोर जायचा आणि दिवा लागायचा. कोड होता पी-००८७, म्हणजे इंजेक्टरला डिझेल पुरवणाऱ्या नळीत, 'रेल'मध्ये, दाब कमी. आधीच्या गॅरेजने दाबाचा सेन्सर बदलला होता, तरी दोन दिवसांत दिवा परत लागला. दाब कमी पडण्याची कारणे अनेक असतात. फिल्टर तुंबलेला असेल, पंप थकला असेल, इंजेक्टर जास्त डिझेल परत सोडत असेल किंवा सेन्सर खोटे बोलत असेल.

सेन्सरची परीक्षा सोपी आहे. गाडी रात्रभर उभी ठेवायची आणि सकाळी इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवायची. दाब शून्याजवळ दिसला, तर निदान तिथे तरी सेन्सर खरे सांगतो आहे. मग गाडी चढावर नेऊन स्कॅनरवर दोन आकडे शेजारी पाहायचे, संगणकाने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब. या जीपमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागणी वर जायची आणि मिळणारा दाब मागे राहायचा. फिल्टर उघडला, तर तळाशी पाणी आणि गाळ. पेट्रोलपंप लांब, म्हणून मालक ड्रममध्ये साठवलेले डिझेल वापरत होता. नवा फिल्टर बसवला, टाकी साफ केली आणि काम झाले.

स्कॅनरचे दुसरे काम म्हणजे प्रोग्रॅमिंग. कॉमन रेलच्या बऱ्याच इंजेक्टरांवर एक क्रमांक छापलेला असतो. इंजेक्टर नवा बसवला, की तो क्रमांक संगणकात भरावा लागतो. प्रत्येक इंजेक्टर किंचित कमी-जास्त डिझेल सोडतो आणि संगणक त्या क्रमांकावरून हिशेब जुळवतो. क्रमांक भरला नाही, तर इंजिन थरथरते, धूर येतो. संगणकात नवा प्रोग्रॅम भरताना बॅटरीचा व्होल्टेज पडता कामा नये. मध्येच वीज तुटली तर संगणक निकामी होऊ शकतो. म्हणून आधाराला चांगला चार्जर जोडल्याशिवाय या कामाला हात घालू नये.

आपल्या भागात याला आणखी एक बाजू आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क अनेकदा तुटला आहे. अशा वाटेवर आजारी माणसाला घेऊन निघालेली जीप अंदाजाने बदललेल्या सुट्या भागांच्या भरवशावर सोडता येत नाही.

म्हणून गाडीमालकांना सांगणे एवढेच, की कोड पुसण्याआधी तो कागदावर लिहून घ्या. "पार्ट का बदलायचा, तपासून काय दिसले?" हे मिस्त्रीला मोकळेपणाने विचारा. पिवळा दिवा लुकलुकत असेल, तर गाडी सावकाश बाजूला घेऊन थांबवा. आणि आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलांनो, स्कॅनर घ्याच, पण त्याच्या शेजारी मल्टिमीटर ठेवा. कुठे शोधायचे ते स्कॅनर दाखवतो, शोधायचे मात्र आपल्यालाच असते.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)