हाच भास्करगड ना?

नाशिकच्या या इतिहास परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. वर्षभरातल्या संशोधनाचा आढावा अध्यक्षाने घ्यावा अशी प्रथा आहे. तो स्मरणिकेत छापला आहे, सवडीने वाचा. मला एकच गोष्ट बोलायची आहे आणि ती एकोणीस वर्षं पोटात आहे.

सकाळच्या सत्रात ओफिर म्हणजे आपलं सोपारा बंदर की नाही, यावर खडाजंगी झाली. बायबलातल्या शलमोन राजाचं सोनं ओफिरहून येई. ग्रीक भाषांतरात त्याचं ‘सोफिर’ होतं आणि आपली छाती फुगते. शलमोन इ.स.पू. दहाव्या शतकातला. पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना १८८२ साली सोपाऱ्यात मिळालेला शिलालेखाचा तुकडा अशोकाचा, म्हणजे इ.स.पू. तिसऱ्या शतकातला. मधली सातशे वर्षं नुसत्या नादसाम्यावर तरून जायची?

ओफिर हिंदुस्थानात शोधणाऱ्यांत उत्रेख्तचे डच पंडित आद्रियान रेलांडही होते. हा माणूस मला फार प्रिय. १७०५ साली त्यांनी इस्लामवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. त्या काळी युरोपात या धर्माविषयी भाकडकथांचंच पीक. रेलांडांनी मुसलमानांचीच अरबी पोथी भाषांतरासह पुढे ठेवली, मग एकेक गैरसमज खोडला. रोमने पुस्तक निषिद्ध ठरवलं! १७१४ साली त्यांनी पॅलेस्टाइनच्या भूगोलावर मोठा ग्रंथ काढला, पण त्या भूमीवर कधी पाऊल ठेवलं नाही. धर्म पोथीतून बोलला. गावांची नावं कोण सांगणार?

ती १८३८ साली शेतकऱ्यांनी सांगितली. विचारणारे अमेरिकन बायबल-अभ्यासक एडवर्ड रॉबिन्सन, आणि ऐकणारे कान त्यांचे सोबती एलाय स्मिथ यांचे, कारण अरबी त्यांना येत होती. बैतीन म्हणजे बायबलातलं बेथेल, अनाता म्हणजे अनाथोथ. मठांतल्या दंतकथांपेक्षा नांगर धरणाऱ्याच्या जिभेवर त्यांनी भिस्त ठेवली. पथ्य एकच, नाव आपण सुचवायचं नाही.   

हे पथ्य मी त्र्यंबकजवळच्या निरगुडपाड्याला शिकलो. एका म्हाताऱ्या बाबांना समोरचा डोंगर दाखवून विचारलं, “हाच भास्करगड ना?” “व्हय.” दुसऱ्या दिवशी त्याच डोंगराकडे बोट करून माझ्या विद्यार्थ्याने शेजारच्या किल्ल्याचं नाव घेऊन विचारलं, “हाच हर्षगड ना?” “व्हय.” मी चिडलो. बाबा शांतपणे म्हणाले, “तुम्ही बुकात बघून इचारता. मग म्या न्हाई कशाला म्हनू?” तिसऱ्या दिवशी वही मिटून विचारलं, “बाबा, याला तुम्ही काय म्हणता?” ते खाली बसले आणि धार, खिंड, झरा, टेपाड अशी चौदा नावं सांगितली. माझ्याजवळच्या नकाशात त्यातलं एकही नव्हतं.

त्यावरचं टिपण मी एका नियतकालिकाकडे पाठवलं. शेरा मारून परत आलं: ग्रामस्थांचे सांगणे हा पुरावा नव्हे, प्रकाशित संदर्भ द्यावा. रॉबिन्सननी आपला लेख तिथे पाठवला असता तर तोही साभार परत आला असता. आणि हेच विद्वान अरब लेखक मसूदीने सोपाऱ्याला दिलेलं ‘सुबारा’ हे नाव इंग्रजीतून उचलतात, अरबीचं एक अक्षर न गिरवता! सोपाऱ्याचं भांडण करणाऱ्यांपैकी तिथल्या कोळ्याला, शेतकऱ्याला किती जणांनी काय विचारलं? आज सकाळी एकानेही सांगितलं नाही.

त्र्यंबकच्या डोंगररांगेचा नामकोश व्हायला हवा. कुणी करायचा, पैसा कुठून, ते कार्यकारिणी पाहील. कुणीतरी तरुणाने अरबी शिकावी, तेही पाहू.

बाबा आता नाहीत. वही माझ्या पिशवीत आहे. जेवणाच्या सुट्टीत हवी त्याने मागून घ्यावी, फक्त खिडकीपाशी न्यावी लागेल. पेन्सिलीची अक्षरं पुसट झाली आहेत.