उवा एका डोक्याच्या नसतात



गटाच्या बैठकीत आपण हप्ता, व्याज, शेळीचं कर्ज, शिलाई मशीन, सगळं मोठ्याने बोलतो. पण एक विषय निघाला की सगळ्यांचा आवाज खाली जातो. तो विषय म्हणजे डोक्यातल्या उवा. आज आम्ही त्यावरच बोलणार आहोत, आणि मोठ्याने बोलणार आहोत. कारण आपण लपवतो आणि भोगतात मात्र लेकरं. पोरगी वर्गात एकटी पडते. मैत्रिणी जवळ बसू देत नाहीत. घरी आई चिडून तिचे लांब केस कापून टाकते. मग ती म्हणते, मला शाळेत नाही जायचं. एवढ्याशा किड्यापायी पोरीची शाळा बुडते.

आधी मनातली लाज काढून टाकू. उवा घाणीमुळे होत नाहीत. रोज न्हालेल्या डोक्यातही त्या तितक्याच सुखाने राहतात. इस्रायलमध्ये लाखीश नावाच्या जुन्या शहराच्या खोदकामात हस्तिदंताची एक फणी सापडली. ती सुमारे 3,700 वर्षांपूर्वीची आहे. तिच्यावर कोरलेली बारीक अक्षरं 2022 साली वाचली गेली. या फणीने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघून जावोत, अशा अर्थाचं ते मागणं आहे. त्या मुलखात हत्ती नव्हते. म्हणजे हस्तिदंत बाहेरून आणवणाऱ्या श्रीमंताच्या घरातही उवा होत्या. आणि दाढीचं नाव आहे, म्हणजे पुरुषही सुटले नव्हते.

ऊ उडत नाही, उडी मारत नाही. ती फक्त चालते. डोक्याला डोकं लागलं की या केसावरून त्या केसावर जाते. एका बाकावर वाकून लिहिणाऱ्या पोरी, एका गोधडीत झोपणारी भावंडं, आजीच्या कुशीतली नात, असा तिचा रस्ता असतो. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोक्यावर दोघी-दोघी बसतात, रात्री अंगणात रांगेने झोपतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या आश्रमशाळांतल्या मुली होळीला, भोंगऱ्याला घरी येतात आणि परत जातात. जिथे माया आहे, जवळीक आहे, तिथे ऊ पसरते. यात कुणाचा दोष काढायचा?

आता तिचा हिशेब समजून घ्या. बचत गटातल्या बाईला हिशेब लवकर कळतो. एक मादी दिवसाला सहा-आठ लिखा घालते. लीख डिंकासारखी केसाला चिकटते, म्हणून ती साध्या धुण्याने निघत नाही. सात ते नऊ दिवसांत तिच्यातून पिल्लू बाहेर येतं. आणखी नऊ-दहा दिवसांत ते मोठं होऊन स्वतः लिखा घालू लागतं. म्हणजे आज तुम्ही सगळ्या उवा मारल्या आणि लिखा राहिल्या, तर आठवडाभराने पुन्हा तेच. मग आपण म्हणतो, औषध खोटं निघालं. खरं तर आपला दुसरा हप्ता चुकलेला असतो.

उपाय सांगतो, नीट ऐका. सगळ्यात भरवशाची वस्तू म्हणजे बारीक दातांची फणी. केस ओले करा, खोबरेल तेल किंवा साबणाचा फेस लावा. त्याने ऊ सुस्त होते, पळत नाही. उजेडात बसून केसांचे छोटे भाग करा. फणी डोक्याच्या कातडीला टेकवून शेवटच्या टोकापर्यंत ओढा, आणि दर वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसा. कानामागे आणि मानेवर जास्त वेळ द्या, तिथे लिखा जास्त असतात. हे आठवड्यातून दोनदा, समजा रविवारी आणि गुरुवारी, सलग तीन आठवडे करा. केसात वर सरकलेल्या पांढऱ्या लिखा बहुतेक रिकामी टरफलं असतात. मुळापासून पाव इंचाच्या आतल्या लिखांकडे लक्ष द्या.

औषध हवं असेल तर आशाताईला, आरोग्य केंद्रात किंवा औषध दुकानात विचारा. उवांसाठी एक टक्का परमेथ्रिनचं लोशन मिळतं. केस धुऊन, पुसून ते लावायचं, दहा मिनिटांनी धुवायचं आणि नवव्या दिवशी पुन्हा लावायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला लावायचं नाही. गरोदर बाईने आधी डॉक्टरांना विचारायचं. खाजवून जखमा झाल्या, पू आला, मानेला गाठी आल्या, तर उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा.

आता हात जोडून सांगायची गोष्ट. आपला तालुका कपाशीचा आणि केळीचा. घराच्या कोपऱ्यात फवारणीच्या औषधाची बाटली असतेच. ते औषध लेकराच्या डोक्याला कधीही लावू नका, थेंबभरसुद्धा नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यांनी औषध प्यायलं नव्हतं. ते श्वासातून आणि कातडीतून अंगात गेलं. मोठ्या माणसाची ही गत, तर लहान पोरीचं काय होईल? कुणी लावलंच असेल तर कपडे काढा, हातावर पिशवी बांधून डोकं आणि अंग साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवा, 108 ला फोन करा आणि औषधाची बाटली सोबत न्या. घाम, उलट्या, तोंडाला फेस यायची वाट पाहू नका.

रॉकेलही नको. चूल जवळ असते, केस पेटायला क्षण पुरतो. मुंग्या-झुरळांचा खडू नको. आणि सीताफळाच्या बियांची पूड आपल्या आज्या वापरत आल्या, पण ती डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते, डोळा जाण्यापर्यंत पाळी येते. झाडपाल्याचं आहे म्हणून सगळंच निरुपद्रवी नसतं.

घर धुऊन काढायची गरज नाही. डोक्यावरून पडलेली ऊ रक्तावाचून एक-दोन दिवसांत मरते. उशीचे अभ्रे, टॉवेल, रुमाल गरम पाण्यात धुवा, फण्या-कंगवे दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवा, गोधड्या दोन दिवस बाजूला उन्हात टाका. तेवढं पुरे.

शाळेचं काय? उवा आहेत म्हणून मुलांना घरी बसवू नये, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. डोक्यातली ऊ आजार पसरवत नाही. शाळेत जाता जाता उपाय करता येतो. गुरुजींना, बाईंना आपण एवढंच सांगायचं, की वर्गासमोर नाव घेऊ नका, पालकांना निरोप द्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आणि अंगणवाडीत तपासणीला येतं, तेव्हा डोकंही पाहायला सांगा.

आणि शेवटी गटाचं काम. एकाच घराने फणी फिरवली आणि शेजारी राहिलं, तर पंधरा दिवसांत ऊ परत येते. म्हणून गल्लीतल्या सगळ्या घरांनी एकाच दिवशी सुरुवात करायची. पोरींसोबत पोरांची, आजी-आजोबांची आणि घरच्या मालकांचीही डोकी पाहायची. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की हा विषय घ्या. गटाच्या पैशातून चार चांगल्या फण्या आणा, वापरून झाल्या की गरम पाण्यातून काढून पुढच्या घरी द्या. तीन आठवड्यांच्या तारखा वहीत लिहा, जशी कर्जफेड लिहितो तशा. तारीख चुकवेल तिला आठवण करा, टोमणा मारू नका.

आपल्या गल्लीतली एकही पोरगी उवांपायी घरी बसणार नाही, एवढा ठराव या महिन्यात वहीत चढू द्या.