अभिमान आणि स्वाभिमान



श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांना पाचारण करून गावोगावच्या ग्रंथालयांचा पाया घातला. त्या बडोद्यात, मराठी वाचनालयाच्या छायेत मी वाढलो.

शाळकरी वयात वाचनालयाच्या एका पुस्तकावर माझ्या हातून शाई सांडली. ते गुपचूप परत करावे, असा माझा बेत वडिलांनी ओळखला. तुटपुंज्या पगारातले पाच रुपये हाती ठेवून ते म्हणाले, "तूच जा. खरे सांगताना मान खाली घालू नकोस." ग्रंथपालांनी भरपाई घेतली, पावती दिली आणि लगेच दुसरे पुस्तक माझ्यापुढे ठेवले.

घरात मराठी व बाजारात गुजराती बोलणाऱ्या आम्हां बडोदेकरांना आपल्या परंपरेचा अभिमान आहे. तो पूर्वजांच्या पुण्याईने लाभतो; स्वाभिमान मात्र ज्याचा त्याने रोजच्या वर्तनातून कमवायचा असतो. चूक कबूल करणाऱ्याला पुन्हा विश्वासाने पुस्तक देणे, ही मला या वास्तूने शिकवलेली संस्कृती होय.

शताब्दीच्या या मंगल प्रसंगी त्या दोघांचे ऋण मी नम्रपणे नमूद करतो.