शेजारधर्म आणि श्वान

महाप्रस्थानाच्या अखेरीस धर्मराजाला इंद्राने स्वर्गाच्या दाराशी अडविले, ते कुत्र्यावरून. कुत्र्याला बाहेर ठेव आणि आत ये, अशी अट होती. धर्मराजाने ती मानली नाही. आजच्या शहरात भाड्याने घर शोधणाऱ्या गृहस्थापुढेही हीच अट येऊन उभी राहते. फरक इतकाच, की त्याच्याबरोबरचा कुत्रा ऐनवेळी धर्माचे रूप प्रकट करून त्याची सुटका करीत नाही.

असा एक गृहस्थ डोळ्यांपुढे आणावा. बदलीमुळे नागपूरहून पुण्यास आलेला. तिसऱ्या मजल्यावर अकरा महिन्यांच्या कराराने बिऱ्हाड थाटलेला. पतिपत्नी दोघेही सकाळी कामावर जातात, आठ वर्षांची मुलगी शाळेत जाते, आणि बंद दाराआड मोत्या एकटा राहतो. दोन महिने लोटतात न लोटतात, तोच सोसायटीच्या चिटणीसांचे पत्र येते : ‘कुत्र्याची व्यवस्था करावी, अन्यथा जागा सोडावी.’ ‘व्यवस्था’ या सभ्य शब्दाचा खरा अर्थ घरात सर्वांच्या आधी त्या मुलीला कळतो, आणि ती रात्री जेवत नाही.

गृहस्थ प्रथम कायद्याची पुस्तके उघडतो, आणि तेथे त्याला धीर मिळतो. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. भुंकणे हेही बंदीचे कारण होऊ शकत नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशी बंदी घालणारे नियम बेकायदेशीर ठरविले. उलट, कुत्र्याला उपाशीतापाशी रस्त्यावर सोडून देणे हाच १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली अपराध आहे.

परंतु हाच कायदा पुढे वाचीत गेल्यास धीर थोडा ओसरतो. त्याच सूचनांत, कुत्र्याचा इतरांना उपद्रव होऊ नये, विशेषतः रात्री तो शांत राहावा, याची काळजी धन्याने घ्यावी, असेही म्हटले आहे. शिवाय भाडेकरूचे नाते एकट्या सोसायटीशी नसते. ते घरमालकाशीही असते. करारात प्राणी न पाळण्याचे कलम असेल आणि त्याखाली सही केली असेल, तर सोसायटीविरुद्धचे निवाडे तेथे फारसे कामास येत नाहीत. भाडेकरूच्या वर्तनाने शेजाऱ्यांस उपद्रव होत असल्यास जागा परत मागण्याचे कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या १६ व्या कलमातही मान्य केलेले आहे. म्हणून घर घेतानाच कुत्र्याचा उल्लेख करून मालकाची लेखी संमती घेणे, हे शहाणपणाचे पहिले पाऊल होय.

दुसरे पाऊल खालच्या मजल्यावर पडले पाहिजे. पत्राला पत्राने उत्तर देण्यापूर्वी गृहस्थाने तक्रार करणाऱ्याचे दार ठोठवावे, आणि आपली बाजू न मांडता दोनच प्रश्न विचारावेत : कुत्रा केव्हा भुंकतो, आणि किती वेळ? आमच्या कथेतील गृहस्थ तसे करतो, तेव्हा शस्त्रक्रियेतून नुकतेच उठलेले एक वृद्ध सद्गृहस्थ दार उघडतात. त्यांना रात्री झोप नाही. दुपारी जरा डोळा लागतो, तोच वरच्या मजल्यावर लिफ्टचे दार वाजते आणि मोत्या तासभर आक्रोश करतो. हे सारे गृहस्थाला नवे असते. कारण तो घरी असताना मोत्या भुंकतच नाही!

कारण कळले, की उपाय सापडतो. एकटा पडलेला कुत्रा खोडसाळपणाने भुंकत नाही. भीतीने आणि कंटाळ्याने भुंकतो. संध्याकाळी परतून त्याला रागावणे व्यर्थ, कारण दुपारच्या भुंकण्याशी त्या रागाचा संबंध त्याला लावता येत नाही. सकाळी त्याला लांबवर फिरवून आणावे, जिन्याकडील खोली बंद ठेवून त्याची जागा आत करावी, दुपारी कोणीतरी घटकाभर त्याच्याजवळ असावे. जिन्यात गळ्याला साखळी असावी. त्याने केलेली घाण धन्याने स्वतः उचलावी. रेबीजच्या लशीचा दाखला आणि महानगरपालिकेचा परवाना चिटणीसांना न मागता दाखवावा. चिटणीसांच्या मेजामागे दत्तगुरूंची तसबीर असते; तिच्यातील चार कुत्र्यांकडे बोट दाखविण्याचा मोह मात्र आवरावा. वाद जिंकून शेजार गमावण्यात लाभ नाही.

एवढे करूनही मोत्या मुका होत नाही. महिन्यातून एकदोनदा तो दुपारी भुंकतोच. पण वृद्ध गृहस्थ आता चिटणीसांकडे जात नाहीत. संध्याकाळी जिन्यात भेट झाली की तेथेच सांगतात, ‘आज तुमच्या मोत्याने पुन्हा उठविले बरे का!’ गृहस्थ क्षमा मागतो, मुलगी साखळी आवरून धरते. तक्रार संपलेली नसते. ती कागदावरून जिन्यात आलेली असते. आणि मुलगी रात्री नीट जेवते.