गोधडीवर नाव कोणाचे?
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला चार शब्द बोलावेत, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा विषय शोधण्याची गरज पडली नाही. येत्या मासिक सभेपुढे जो ठराव यायचा आहे, त्याचीच चर्चा सध्या आपल्या ओट्यांवर आणि बुधवारच्या बाजारात भाजी घेतानाही चालली आहे. एका व्यापाऱ्याने मंडळाकडे शंभर गोधड्या मागितल्या आहेत. कापड त्याचे, नमुना त्याचा आणि मजुरी नगावर. काही भगिनींना हे काम हवे आहे, काहींना ते कमीपणाचे वाटते. दोन्हीकडचे म्हणणे मी ऐकले आहे. ठरावावर हात वर करण्यापूर्वी, सुईदोऱ्याच्या कामाचे जगात आज काय चालले आहे ते आपल्या कानांवर घालावे, एवढ्याचसाठी मी उभी आहे.

गोधडी म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. लुगडे जुने होऊन मऊ पडले की एक तर ते बोहारणीच्या गाठोड्यात जाते आणि त्याचे पातेले होते. नाही तर थरावर थर लागून त्याची गोधडी होते. धावदोरा कडेने धरायचा आणि फिरत फिरत मध्यावर आणायचा. शिवणाच्या वर्गात मी मुलींना काजे शिकवले, चुण्या शिकवल्या, झबली-कुंच्या बेतायला शिकवले. परंतु धावदोरा मला कधी शिकवावा लागला नाही. तो त्या घरूनच शिकून येत. घरी शिकलेल्या विद्येची किंमत मात्र घरातही होत नाही आणि बाहेरही होत नाही.

ती आता बाहेर होऊ लागली आहे, ही पहिली बातमी. कलेच्या जगात सूत, लोकर, दोर, चिंध्या ह्यांच्या कामाला 'तंतुकला' म्हणतात. युरोपात स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावी १९६२ पासून १९९५ पर्यंत ठराविक वर्षांनी विणलेल्या कामांची मोठी प्रदर्शने भरत. पोलंडच्या माग्दालेना आबाकानोविच ह्या बाईंची प्रचंड विणकामे तिथे गाजली. आपल्याकडे मृणालिनी मुखर्जी होऊन गेल्या. त्यांचा जन्म १९४९ साली मुंबईचा. बडोद्याला के. जी. सुब्रमण्यन ह्यांच्या हाताखाली त्या शिकल्या. त्यांच्या कामाला माग नाही, सुई नाही. तागाच्या दोराला हाताने गाठीवर गाठ मारीत त्यांनी माणसाहून उंच मूर्ती उभ्या केल्या. १९८४ ची 'यक्षी', १९९४ ची 'वनश्री' ही त्यांतली नावे. बाई २०१५ साली वारल्या आणि २०१९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांच्या जन्मभराच्या कामाचे प्रदर्शन भरवले. गाठ तर आपण सगळ्याच मारतो. त्यांनी ती एकाच कामावर, एकाच ध्यासाने, वर्षानुवर्षे मारली.

फार लांब कशाला जा? येवले आपल्याच जिल्ह्यातले. पैठणीचा पदर विणताना विणकर प्रत्येक रंगाची वेगळी कांडी घेतो, आणि मोराची मान जिथे संपते तिथून तो धागा मागे वळवून शेजारच्या रंगात अडकवतो. म्हणूनच अस्सल पदर उलटसुलट सारखा दिसतो. युरोपातल्या राजवाड्यांच्या भिंतींवरची चित्रवस्त्रे ह्याच रीतीने विणलेली असतात. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. मालाबरोबर गावाचे नाव जावे, दुसऱ्याने ते फुकट लावू नये, एवढाच त्याचा अर्थ.

आणि चित्रकार व विणकर ह्यांची सोयरीकही आपल्याकडे जुनीच आहे. १९५६ साली सरकारने विणकर सेवा केंद्रे काढली आणि तिथे चित्रकार नोकरीला घेतले. आपले प्रभाकर बरवे १९६१ पासून अशाच केंद्रात होते. आधी काशीला, मग मुंबईला.

आता दोन गोष्टी थेट गोधडीच्या. पहिली कारवारकडची. तिथल्या हल्याळ-यल्लापूरच्या रानात सिद्दी लोक राहतात. कित्येक पिढ्यांपूर्वी आफ्रिकेतून आलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्या बायका आपल्यासारखीच जुन्या कापडाची गोधडी शिवतात, तिला 'कवंद' म्हणतात. कोपऱ्यांवर घडी घातलेली त्रिकोणी 'फुले' लावल्याशिवाय त्यांचे कवंद पुरे होत नाही. २००४ साली ह्या बायकांची सहकारी संस्था निघाली आणि २०११ साली त्यांच्या कवंदांचे प्रदर्शन न्यूयॉर्कला भरले. कापड तेच, फाटकेच. बायका मात्र एकत्र झाल्या होत्या.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली, आणि आपल्या ठरावाशी तिचा अगदी जवळचा संबंध आहे. अलाबामा संस्थानात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचे खेडे आहे. पूर्वी तिथे कापसाच्या मळ्यावर गुलाम राबत. त्यांच्याच लेकीसुनांची ही वस्ती. थंडीसाठी त्या नवऱ्यांच्या फाटक्या पँटींच्या गोधड्या शिवीत. १९६६ साली त्या भागातल्या बायकांनी आपली सहकारी संस्था काढली. मोठ्या दुकानांच्या मागण्या आल्या, १९७२ साली एका बड्या कंपनीसाठी उशांचे अभ्रे शिवण्याचे काम आले. सगळे अभ्रे एकसारखे हवेत, हा नियम होता. त्या कामाने बायकांच्या हातात स्वतःच्या कमाईचा पैसा आला, तेव्हा त्याला नाके मुरडण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु २००२ साली प्रथम ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात जे टांगले गेले, ते एकसारखे अभ्रे नव्हते. बायकांनी स्वतःच्या घरासाठी, स्वतःच्या मनाने शिवलेल्या गोधड्या होत्या. २००६ साली त्यांच्यावर टपालाची तिकिटे निघाली. आणि २००७ साली त्यांच्यातल्या काही जणींना योग्य मोबदल्यासाठी न्यायालयात जावे लागले. पुढच्या वर्षी ते प्रकरण मिटले. नावलौकिक झाला तरी कागद नीट लागतो, हा त्यातला धडा.

आपल्याकडे आज कोणत्या वाटा उघड्या आहेत, तेही सांगते. मुंबईला महालक्ष्मी सरस प्रदर्शनात बचत गटांना गाळे मिळतात. केंद्र सरकारच्या हस्तकला विभागाकडून कारागिराला 'पहचान' ओळखपत्र मिळते. मेळ्यांसाठी आणि योजनांसाठी अर्ज करताना ते उपयोगी पडते. मुंबईची चाणक्य ही संस्था बायकांना भरतकाम शिकवते. २०२३ साली गेटवे ऑफ इंडियापुढे पॅरिसच्या दिओर कंपनीचा सोहळा झाला, त्याचे भले मोठे तोरण तिथल्याच हातांनी भरलेले होते. आणि आपल्या दाराशी २०२७ चा सिंहस्थ आहे. रामकुंडावर येणारा माणूस घरी न्यायला काहीतरी शोधीत असतो. ते आपण करून द्यायचे की बाहेरगावाहून आलेल्या यंत्राच्या मालाकडे त्याने वळायचे, एवढेच ठरवायचे आहे.

मग ठरावाचे काय? ज्या भगिनीच्या मुलाची फी ह्या मजुरीवर भरली जायची आहे, तिला मी "कलेसाठी थांब" असे सांगणार नाही. माझे मत काम घ्यावे असेच आहे. मात्र चार अटींवर घ्यावे.

पहिली अट: दर ठरण्यापूर्वी आपल्यापैकी दोघींनी त्या नमुन्याची एक गोधडी शिवावी आणि किती तास लागले ते घड्याळ लावून लिहावे. नगाचा दर ऐकायला गोड लागतो. तासांनी भागला की खरा कळतो. दुसरी: प्रत्येक गोधडीच्या मागे पांढऱ्या कापडाची पट्टी लावून तीवर शिवणारीचे नाव, 'पंचवटी, नाशिक' आणि साल दोऱ्याने भरावे. तिसरी: आपल्या कोणी काढलेला नमुना त्याला आवडला, तर त्याचे पैसे वेगळे, आणि ते कागदावर. चौथी अट व्यापाऱ्यासाठी नाही, आपल्यासाठी आहे: शंभरांचे काम चालू असताना प्रत्येकीने एक गोधडी स्वतःच्या मनाने शिवायची. त्या गोधड्या आपण विकायच्या नाहीत. पुढच्या वर्धापनदिनी ह्याच सभागृहात टांगायच्या, आणि त्यांतल्या निवडक प्रदर्शनांकडे पाठवायच्या.

नावाच्या पट्टीला काहीजणी हसल्या, ते मला दिसले. माझ्या थोरल्या जाऊबाई वारल्या तेव्हा घरात नऊ गोधड्या निघाल्या. काही त्यांच्या हातच्या, काही आमच्या सासूबाईंच्या. वाटणी करताना कोणती कोणाची हे एकीलाही सांगता आले नाही. जन्मभर जिने दुपारची झोप मोडून सर्वांना ऊब दिली, तिचा टाका तिच्या लेकीलाही ओळखता आला नाही. चार बोटांची पट्टी लावायला पाव तास लागला असता.

व्यापारी ही अट नाकारील, अशी भीती काहींना वाटते. कदाचित नाकारीलही. पण शंभर गोधड्या हाताने शिवून देणाऱ्या बायका त्यालाही रस्त्यात सापडत नाहीत, हे आपण विसरू नये. मंडळाच्या कपाटात आज इतिवृत्ताच्या वह्या आहेत, जमाखर्चाच्या वह्या आहेत. त्यांच्या शेजारी आणखी एक वही असावी, अशी माझी सूचना आहे: कोणी, कधी, काय शिवले ह्याची. पहिल्या पानावर नाव कोणाचे लिहायचे, ते मासिक सभेत ठरवू. सुई मात्र आजच दोऱ्यात ओवून ठेवा.