संगती वाचली का?

(दिल्लीत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या वाचनगटापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



ऑगस्ट २०२१ मध्ये दिल्ली विद्यापीठाने इंग्रजी ऑनर्सच्या स्त्रीलेखनाच्या पेपरमधून बामा आणि सुकिर्तराणी या दोन दलित तमिळ लेखिकांना वगळलं. महाश्वेतादेवींची 'द्रौपदी'ही गेली. विद्वत्सभेतल्या १५ सदस्यांनी विरोध नोंदवला, उपयोग झाला नाही. याच विद्यापीठाने २०११ मध्ये ए. के. रामानुजन यांचा रामायणांवरचा निबंध इतिहासाच्या अभ्यासक्रमातून काढला होता. नेमलेल्या चार तज्ज्ञांपैकी तिघांना त्यात आक्षेपार्ह काही दिसलं नव्हतं, तरीही.

बामांना वगळलं तेव्हा आपण चिडलो. मीही लांबलचक पोस्ट लिहिली. पण खरं सांगतो, तोवर मी बामांची 'संगती' वाचलेली नव्हती.

नंतर वाचली. ती जमीनदाराला आणि चर्चला जाब विचारतेच, पण आपल्याच घरातल्या पुरुषालाही विचारते. दिवसभर शेतात राबून आलेल्या बाईला रात्री नवरा का मारतो? मला हे पुस्तक जड गेलं. जमीनदारावरची पानं मी भराभर वाचली, घरातली पानं मात्र वाचवेनात.

मराठीत हे नवं नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' लिहिलं, तेव्हा त्या वह्या घरातल्यांपासून कित्येक वर्षं लपवून ठेवाव्या लागल्या. चळवळीच्या गावातली, बाबासाहेबांना मानणारी बाई. तिलाही लपवावं लागलं!

आता माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी या गटातल्या एका मुलीने मला कथा वाचायला दिली. कथेतला बाप वस्तीतला कार्यकर्ता आहे, जयंतीच्या मिरवणुकीत पुढे असतो. मुलीला मात्र परजातीतल्या मुलाशी लग्न करू देत नाही. मी तिला म्हणालो, "बाळा, छान आहे, पण आत्ता नको. आधीच लोक टपलेत. घरचं बाहेर कशाला?" वर असंही सुचवलं, की बाप सवर्ण केलास तर कथा जास्त परिणामकारक होईल. तिने मान हलवली आणि वही पिशवीत ठेवली.

विद्यापीठाच्या समितीने जे केलं तेच मी केलं. त्यांच्याकडे ठराव होता, माझ्याकडे माया होती, एवढाच फरक. आणि मला कोणी विरोधही नोंदवला नाही.

आपल्या अलीकडच्या कविता एकसारख्या का वाटतात, याचं कारण मला इथे दिसतं. शत्रू ठरलेला, शेवट ठरलेला, टाळीची जागासुद्धा ठरलेली. लिहिणाऱ्याला लिहिता लिहिता नवं काही सापडतच नाही. बाबासाहेबांनी तर स्वतःच्या महार समाजाला, मृत जनावरं ओढणं आणि त्यांचं मांस खाणं सोडा, असं तोंडावर सांगितलं होतं. तेव्हाही लोक टपलेलेच होते की.

ती मुलगी आज इथे बसली आहे. गेल्या आठवड्यात मी तिची माफी मागितली आणि कथा परत मागितली. ती म्हणाली, "सर, तुम्हाला देणार नाही. मी स्वतः वाचेन." बापाची जात तिने बदललेली नाही.

आता ती वाचेल. संपल्यावर लगेच टाळ्या वाजवू नका. काही खटकलं तर विचारा. तीही विचारणार आहे.