उचंत खात्यातील अहवाल



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. ज्या रकमेचा उलगडा होत नाही, ती आम्ही उचंत खात्यात ठेवतो. तिला तोटा म्हणत नाही. मॅमोग्राफीतील ‘बायरॅड्स ३’ हा शेरा असाच आहे. त्यात कर्करोगाची शक्यता साधारणतः २ टक्क्यांहून अधिक नसते. म्हणून बहुधा ६ महिन्यांनी फेरतपासणी सुचविली जाते. परंतु ते ६ महिने जड जातात. पूर्वी कर्करोगाचे उपचार घेतलेल्या भगिनीला तर अधिकच. केवळ खिडकीवरून पाकीट हाती देऊन आपले कर्तव्य संपत नाही. असा अहवाल डॉक्टरांनी समोर बसवून समजावावा व पुढील तारीख लेखी द्यावी, असे आम्ही ठरविले आहे. आप्तांनी ‘काही होत नाही’ एवढे म्हणून न थांबता त्या दिवशी सोबत यावे, ही नम्र विनंती.